अळणी भाजी आणि दहा तारीख

परळ, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. फोनवर सांगून हे पाच मिनिटांत संपलं असतं, पण मला ते नीट सांगायचंय, म्हणून पत्र.

आपली चाळ रिकामी करायची आहे. पुनर्विकासाचं एकदाचं मार्गी लागलं. गेले तीन रविवार मी खोली आवरतोय. माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती ना, तिच्यात शाळेची पुस्तकं निघाली आणि तळाशी 'श्यामची आई'. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, त्यावर तुझ्या अक्षरात माझं नाव. वर्गात सगळ्यांच्या पुस्तकांवर नावं तूच घालायचास. 'ळ'ला तू काढायचास ती शेपटी अजून तशीच आहे. ट्रंक उघडी टाकून मी तिथेच जमिनीवर बसलो आणि दिवेलागणीपर्यंत वाचत राहिलो.

आपल्या बाई शनिवारच्या सकाळच्या शाळेत हे पुस्तक वाचून दाखवायच्या. श्याम पोहायला घाबरून लपतो आणि आई त्याला शिंपटीने झोडते, ते ऐकताना वर्ग चिडीचूप असायचा. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, हे तर फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलेलं असे. मग 'माझी आई' हा निबंध. गणपतीत चाळीच्या मैदानात पडदा लावून अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा दाखवला, तेव्हाही आपण सगळे आई झालेल्या वनमालाबाईंकडेच बघत होतो.

या वेळी माझं लक्ष सारखं श्यामच्या वडिलांकडे जात होतं.

बंड्या, ही कर्जाची गोष्ट आहे रे. बेचाळीस रात्री श्याम आईबद्दल सांगतो, पण घर खचत जातं ते कर्जाने. एके काळचं खोताचं घराणं. मग वाटण्या, मग कोर्टकचेऱ्या, व्याज, आणि शेवटी पालगडात जप्तीची दवंडी. 'तेल आहे, तर मीठ नाही!' असं एका रात्रीचं नावच आहे. शाळेत आपल्याला ते म्हणीसारखं वाटायचं. सावकाराचा माणूस ओटीवर बसून श्यामच्या वडिलांना नाही नाही ते बोलतो, बायको विका म्हणण्यापर्यंत त्याची मजल जाते. तेव्हा आई आतून बाहेर येते आणि त्याला चालता हो म्हणून सुनावते. बाईंनी हा भाग वाचला होता का? मला अजिबात आठवत नाही. वाचला असेल आणि आपल्या डोक्यावरून गेला असेल.

आणि आपल्या डोक्यावरून जायला नको होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आपण दुसरीत होतो. अडीच लाख कामगार बाहेर. आपल्या मजल्यावर एक घर सुटलं नव्हतं. पगाराची दहा तारीख यायची आणि पगार यायचा नाही, पण व्याजवाला बरोबर यायचा. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहायचा, आत पाऊल टाकायचा नाही. दिसला की आपल्याला 'जा, खाली खेळा' म्हणून पिटाळत. आपण आनंदाने पळायचो.

आता अळणी भाजीचं सांगतो. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील कुरकूर न करता खातात, त्यांच्याकडे बघून मुलंही खातात. आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. स्वयंपाक करणाऱ्याचं मन दुखवू नये, हा त्यावरचा धडा आपण पाठ केला. मला मात्र या वेळी आमचे बाबा दिसले. संपाच्या दुसऱ्या वर्षी ते नाक्यावर नारळ विकायला बसायचे. रात्री खाली मान घालून जेवायचे. चपाती संपली की ताटावर हात आडवा धरायचे. मला वाटायचं, बाबा रागावलेत. म्हणून मी त्यांच्याशी बोलायचो नाही, भरभर जेवून गॅलरीत पळायचो. डब्यात किती चपात्या उरल्यात हे त्यांना ठाऊक असायचं. हे मला कळायला घरात स्वतःची दोन पोरं जेवायला बसावी लागली. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

आणखी एका ठिकाणी अडखळलो. म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावर मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. शाळेत आपण इतकंच ऐकलं. त्याच दमात ती त्याला परत येऊन आंघोळ कर असंही सांगते! ते वाचून मी पुस्तक मिटलं. पाणी प्यायलो, परत उघडलं. साने गुरुजींनी ती आंघोळ लपवली नाही, जशी होती तशी लिहिली. आणि हाच माणूस मे १९४७ मध्ये विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपाशी बसला. आईवर एवढी माया असलेला मुलगा आईच्या पुढे कसा गेला, हे मला बाईंशी बोलायला फार आवडलं असतं.

त्याच ट्रंकेत माडगूळकरांची 'बनगरवाडी'ही आहे. परवापासून ती घेतली आहे. सगळं गाव खपून तालीम बांधतं, औंधचे राजे येतात, आणि मग दुष्काळात माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. आपल्याला परीक्षेत मास्तरांचं स्वभावचित्र विचारायचे. खाली अर्ध्या खोल्यांना कुलपं लागलीत, त्यात ती वाचवत नाही, थांबत थांबत वाचतोय.

'श्यामची आई' गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली. तू तिकडे घर घेतलंस तेव्हा हे मला सुचलंही नव्हतं. पुढच्या महिन्यात येतो, पुस्तक घेऊन.

यायचं खरं कारण वेगळं आहे. ओटीवरचा तो प्रसंग वाचताना मला एकदम एक आवाज आठवला. आपण खाली गोट्या खेळत होतो आणि वरून कोणीतरी बाई कडाडली. मग तो व्याजवाला भराभर जिना उतरून आपल्या डावातून चालत गेला, माझी एक गोटी त्याच्या चपलेने गटारात गेली. तो आवाज काकूंचा होता ना? दार आमचं होतं, पण बोलल्या त्या. काकूंना आठवतं का, विचारून ठेव. काय बोलल्या होत्या, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

तुझा,
नंदू