लॉजवाल्याच्या मोबाईलमध्ये आपलं आधार कशाला?

संपादक साहेब,

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला जाणारे कितीतरी लोक सोलापुरात मुक्काम करतात, आणि काही लॉजवर काउंटरवरचा पोरगा सगळ्या फॅमिलीच्या आधारचे फोटो सरळ स्वतःच्या मोबाईलमध्ये काढतो नाहीतर व्हॉट्सअपवर पाठवा म्हणतो, पुढं ते फोटो कुठं जातात कोण बघतं काही पत्ता नाही. लेकीबाळींचे फोटो, जन्मतारखा असं परक्याच्या मोबाईलात पडून राहणं मला तर भयंकर वाटतं. ओळखपत्र दाखवायला कुणाची ना नाही. पण आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे यूआयडीएआयच्या साईटवरून मास्क्ड आधार फुकट डाउनलोड होतं, नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात, तेच द्या. प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१७ लाच सांगितलंय, तेव्हा पोलिसांनी लॉजमालकांना हे मोबाईलवर फोटो काढणं बंद करायला लावावं.

- एक वाचक, सोलापूर