झाडीतल्या कबरींची राखण

वोकिंग, 2 मार्च

प्रिय मक्या,

तुझ्या मोहिमेचे फोटो मिळाले. गडाखालच्या रानातल्या समाध्या मोकळ्या केल्यात, झकास! फक्त एका फोटोत एका पोराच्या हातात तारेचा ब्रश दिसला आणि मागे ऑइलपेंटचा डबा. त्यावर बोलणार आहेच, पण आधी इथलं सांगतो.

लंडनजवळच्या आमच्या वोकिंगच्या पुढचं स्टेशन ब्रुकवुड. लंडनमध्ये माणसं पुरायला जागा उरेना, म्हणून 1854 साली तिथल्या माळावर प्रचंड दफनभूमी काढली. वॉटर्लूहून मयतांसाठी खास गाडी सुटायची! शवपेटीलाही पहिला-दुसरा-तिसरा वर्ग, आणि तिकीट अर्थातच फक्त जायचं. मेल्यावरसुद्धा पायरी सोडायची नाही म्हणजे कमाल आहे. 1941 च्या बॉम्बहल्ल्यात लंडनमधलं ते स्टेशन उडालं आणि गाडी बंद पडली. सव्वादोन लाखांहून जास्त माणसं इथे पुरलेली आहेत. हौसेने लावलेली वेलिंगटोनियाची झाडं आभाळाला भिडलीत, पण मधे बरीच वर्षं देखभालीची आबाळ झाली आणि कितीतरी भाग रानाने गिळला. 2014 मध्ये वोकिंगच्या कौन्सिलने सगळी जागा विकत घेतली.

आता गंमत ऐक. या झाडीत पारशांची आरामगाह, म्हणजे दफनभूमी, आहे, 1862 पासूनची. आदल्याच वर्षी दादाभाई नौरोजी आणि मंडळींनी इथल्या पारशांची संस्था काढली होती. मुंबईतली डुंगरवाडी, पारशी प्रेतं ठेवतात ती जागा, इथे कुठून आणणार? जमशेटजी टाटा 1904 साली जर्मनीत वारले, त्यांना इथे आणलं. त्यांचे मुलगे दोराबजी आणि रतनजीही इथेच. त्याच भागात शापुरजी सकलातवालांची रक्षा आहे, जमशेटजींचा सख्खा भाचा, ब्रिटिश पार्लमेंटातला कम्युनिस्ट खासदार. मामा गिरणीमालक, भाचा लाल बावट्याचा, आणि दोघांना कुंपण एकच!

भारतातून येणारे टाटांच्या समाधीपाशी थांबतात, फुलं ठेवतात, फोटो काढतात आणि परततात. त्यात काही वावगं नाही, मीही पहिल्यांदा तेच केलं. पण ज्यांचं कुणी येत नाही, त्यांच्याकडे बघतात ते स्वयंसेवक. बहुतेक निवृत्त माणसं, एकाचं तर गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ब्लॅकबेरीची काटेरी जाळी ते छाटतात, पण फक्त हिवाळ्यात. मार्च उजाडला की पाखरं घरटी करतात, मग कात्री बंद. दगडाला चिकटलेली वेल ओढून काढायची नाही, नाहीतर तिच्या मुळांबरोबर अक्षरांचे पापुद्रे निघतात. बुंध्याशी कापायची आणि वर वाळू द्यायची, मग सावकाश उतरवायची. मी एकदा विचारलं, “किती दिवस?” म्हातारा म्हणाला, “दगडाला घाई आहे का?” पुसट अक्षरं वाचायला ते टॉर्च समोरून मारत नाहीत, बाजूने धरतात. सावली पडते आणि कोरीव अक्षर वर येतं. मी स्वतः एका पाटीवर एक बायकी नाव असं हळूहळू उमटताना पाहिलं, तेव्हा अंगावर काटा आला.

सायकलवर इथल्याच हॉर्सेल कॉमन नावाच्या माळरानावरही जाऊन येतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या इस्पितळांत वारलेल्या मुसलमान हिंदी सैनिकांसाठी पाइनच्या रानात घुमटाच्या दरवाजाची छोटी दफनभूमी बांधली होती. इंग्रज आपल्या हिंदी शिपायांना धड पुरतही नाहीत असा प्रचार जर्मन करत होते, त्याला उत्तरही हवंच होतं. पुढे तिथे नासधूस झाली, म्हणून 1968 साली कबरी ब्रुकवुडला हलवल्या. आता तिथे बाग आहे आणि 27 सैनिकांसाठी हिमालयी भूर्जाची 27 झाडं. हिंदू आणि शीख सैनिकांना ब्रायटनजवळच्या टेकडीवर अग्नी दिला, तिथली स्मारकाची छत्री 1921 मध्ये उभारली.

तर ब्रशचं. पोरांना सांग, तारेचा ब्रश नको, अॅसिड नको, रंग तर मुळीच नको. नरम ब्रश आणि साधं पाणी, तेही दगड ठिसूळ नसेल तर. शेवाळ नि दगडफूल सहसा राहू द्या. हात लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो, मोजमाप आणि जागेची नोंद. आणि जागा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असेल तर परवानगी आधी, झाडू नंतर. पोरं नाराज होतील, कारण रंग लावला की संध्याकाळपर्यंत काम दिसतं आणि फोटोही चांगला येतो. पण समजावलंस तर ऐकतील.

त्या तुटक्या समाधीवर खाली दोन ओळी दिसताहेत, त्यांचा फोटो बाजूने टॉर्च धरून काढ आणि पाठव. मोडी असेल तर अण्णांना दाखवू, त्यांना अजून सराव आहे. वहिनींना नमस्कार, पिंट्याला शाबासकी. उत्तर लवकर लिही.

तुझा,
बाळ्या