रेपो हलवून देणाऱ्या ताईला

प्रिय ताई,

परवा लातूरच्या कॉलेजमधल्या एका मुलाने आपल्या शब्दकोशात पहिला बदल पाठवला आणि सोबत लिहिलं की "इश्यू ४१ मधली चर्चा वाचली, म्हणून हे रूप असं ठेवलंय". मी ४१ वर (इश्यू म्हणजे एखाद्या प्रश्नावरची, नंबर दिलेली चर्चा) क्लिक केलं तर २०१३ ची अख्खी चर्चा समोर आली, अटॅचमेंटसकट. तेव्हा एकदम आठवलं की २०२० मध्ये तू आपला सगळा रेपो (फाईली, त्यांच्या बदलांचा इतिहास आणि चर्चा) नव्या ठिकाणी हलवून दिलास आणि मी तुला फक्त एक हात जोडलेला इमोजी पाठवला होता. म्हणून हे पत्र, आणि उघड लिहितोय कारण आपला स्पेलचेक वापरणाऱ्यांनाही कळायला हवं की हे काम कोणीतरी रात्री जागून केलंय. नाव टाकू नको म्हणालीस म्हणून टाकत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचा प्रोजेक्ट म्हणजे हनस्पेल या स्पेलचेक सॉफ्टवेअरसाठी मराठी शब्दांची यादी आणि प्रत्ययांची फाईल, लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये वापरता येते. सगळं मर्क्युरियलमध्ये, म्हणजे फाईलींचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या होस्टिंगकडून, म्हणजे रेपो ऑनलाइन ठेवणाऱ्या कंपनीकडून कळलं की मर्क्युरियलचा सपोर्ट बंद होणार आणि पुढच्या वर्षी ते रेपो काढून टाकणार. मी आज करू उद्या करू करत बसलो, मग लॉकडाऊन लागलं, ऑफिसचं काम घरात आलं आणि बघता बघता मे उजाडला.

मला वाटत होतं गिटमध्ये, म्हणजे तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कन्व्हर्ट केलं की झालं. ते खरंच सोपं असतं, दोघांचा जन्मच एका महिन्यातला, एप्रिल २००५, लिनक्स कर्नलला याच कामाचं बिटकीपर फुकट मिळणं बंद झालं तेव्हाचा. हग-फास्ट-एक्सपोर्ट हे टूल चालवलं की चहा होईपर्यंत इतिहास गिटमध्ये येतो. पण तू पहिल्याच कॉलवर विचारलंस, "आणि इश्यूंचं काय? लोकं शब्दांवर जी भांडलीत ते कुठे जाणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कारण शब्दकोशात कोड असा फारसा नसतोच ना. एखादा शब्द ऱ्हस्व का घेतला, मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ चे आणखी ४ त्याबद्दल काय म्हणतात, विदर्भातलं रूप चूक धरायचं की पर्याय, हे सगळं इश्यूंमध्येच होतं. ते गेलं असतं तर नुसती यादी उरली असती आणि दर दोन वर्षांनी तेच वाद पुन्हा पहिल्यापासून.

तू इश्यूंचा झिप एक्सपोर्ट मागितलास, त्यातली जेसन फाईल उघडलीस आणि ठरवलंस की एकही नंबर बदलता कामा नये, कारण कमिट (नोंदवलेला बदल) करतानाच्या मेसेजमध्ये सगळीकडे "४१ बघा", "११२ प्रमाणे" असं लिहिलेलं. नव्या ठिकाणी इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) एकाच रांगेतले नंबर घेतात, जुन्या ठिकाणी वेगळे होते, म्हणून आधी सगळे इश्यू क्रमाने टाकायचे, मधले डिलीट झालेले असतील तिथे रिकामा इश्यू टाकून जागा धरायची, आणि ते संपेपर्यंत कोणी पुल रिक्वेस्ट उघडायची नाही. प्रत्येक कमेंटच्या डोक्यावर मूळ लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकलीस, कारण नाहीतर सगळं त्या दिवशी मीच लिहिलंय असं दिसलं असतं. मेसेजमधले जुने हॅश (प्रत्येक कमिटची ओळखखूण) सुद्धा तक्ता करून नव्या हॅशला जोडलेस, हे तर मी मागितलंही नव्हतं.

आणि मग तो दर्या! हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जर्मनीतून तुझा रात्री साडेदहाला मेसेज, इथे दोन वाजलेले, "७६ मध्ये डोंगर-दर्या का दिसतंय?" माझ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती जी न दिसणारी अक्षरं साफ करायची, कॉपी-पेस्टमधून येणारा कचरा काढायला मीच टाकलेली. पण जुन्या पद्धतीने टाईप केलेल्या "दर्‍या" मध्ये र, हलंत आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर असतो, तो उडाला की दरीचा समुद्र होतो. आचाऱ्यांचे आचार्य होतात. शेकडो कमेंटमध्ये हे झालं होतं आणि गंमत बघ, ७६ नंबरची चर्चाच मुळी या दोन र्‍या बद्दल होती. तू सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून टाकलंस, एका शब्दाने बोलली नाहीस, फक्त "ती ओळ काढ आणि झोप आता".

रेपोसाठी नवी जागा कुठली घ्यायची हेही तूच पटवलंस. कोडबर्ग म्हणजे असे रेपो ऑनलाइन ठेवू देणारी बर्लिनमधली नोंदणीकृत संस्था, २०१८ ची, सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालणारी, तू म्हणालीस की "आपल्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासारखं समज". मला ते लगेच कळलं. तरी तू एकाच ठिकाणावर विसंबू दिलं नाहीस, गूगल कोड ही गूगलची अशीच जागा सुद्धा २०१६ मध्ये बंद झाली याची आठवण करून दिलीस, दुसरीकडे मिरर (जुळी प्रत) लावायला लावलास आणि सॉफ्टवेअर हेरिटेज या सॉफ्टवेअर जपणाऱ्या संग्रहातही रेपो नोंदवून घेतलास.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट सरांची. सोलापूरचे आपले निवृत्त सर एक्सेलमध्ये याद्या पाठवायचे आणि कमिट मी करायचो, माझ्याच नावाने. मर्क्युरियलमध्ये कमिटला एकच नाव लागतं. तू मेसेज वाचताना "सरांच्या यादीतून" हे वारंवार बघितलंस आणि विचारलंस, हे शब्द कोणाचे आहेत मग? गिटमध्ये लेखक वेगळा आणि कमिट करणारा वेगळा ठेवता येतो. तू एकेक कमिट शोधून लेखकाच्या जागी सरांचं नाव लावलंस, आणि ते मोजले तर माझ्यापेक्षा त्यांचे जास्त निघाले.

मी सरांना व्हिडिओ कॉलवर ते पान दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग चष्मा पुढे-मागे करत म्हणाले की आडनावातली वेलांटी दुसरी हवी. इतिहास पुन्हा लिहायचा नव्हता म्हणून तू मेलमॅपची फाईल (दिसणारं नाव दुरुस्त करणारी) टाकलीस, आजही त्यात ती एकच ओळ आहे.

लातूरच्या मुलाचा बदल मी घेतला, सरांनी तपासून दिला. डिसेंबरमध्ये येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ, सोलापूरला जायचंय, सर विचारत होते की ताईला शेंगाचटणी तिखट चालते का.

तुझा भाऊ