साभार परत

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर सांगायला घेतलं की आई मधेच 'जेवलीस का' विचारते आणि गाडी डब्यावर जाते, म्हणून लिहितेय.

दिवाळी अंकाला पाठवलेली एसटी कंडक्टरची कथा परत आली. ही अकरावी. हल्ली 'साभार परत'चा कागदसुद्धा येत नाही, ऑक्टोबरमध्ये अंक स्टॉलवर लागला की अनुक्रमणिकेत आपलं नाव शोधायचं आणि गुपचूप खाली ठेवायचा. पहिल्या दोन वेळेला मी रडले होते, आई तुला सर्दी झालीय म्हणून सांगितलेलं ना, ती सर्दी नव्हती. तिसऱ्यापासून शिव्या द्यायला लागले, वशिला लागतो, पुण्यामुंबईवाल्यांचंच छापतात वगैरे, मी स्वतः पुण्यात राहते हे सोयीस्कर विसरून.

यावेळी मात्र संपादकांचा फोन आला. चाळीस मिनिटं. आधी म्हणाले पहिली एसटी १९५० ला नाही, १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, एवढं तरी तपासायचं. बाबा, तुम्ही तीस वर्षं एसटीत काढलीत, तुम्हाला एक फोन केला असता तर झोपेत सांगितलं असतंत, लाजच वाटली. मग म्हणाले, 'कंडक्टर चांगला आहे, पण फारच चांगला आहे, फोटोला हार घातल्यासारखा. वडील हयात आहेत ना तुमचे? मग आत्ताच हार कशाला?'

दोन दिवस मी धुमसत होते. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन लांबलचक पत्रं लिहून नव्या लेखकांकडून कथा परत परत लिहून घ्यायचे हे वाचलं तेव्हा काय भारी वाटलेलं, आपल्यावर आलं की कळतं.

तिसऱ्या दिवशी ती रात्र आठवली. मी चौथीत होते. तुमचा १८० रुपयांचा हिशोब शॉर्ट आलेला, तुम्ही चटईवर बॅग पालथी करून चिल्लर तीनतीनदा मोजत होतात, तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाशी, वेबिलशी, ताळा लागत नव्हता, आई म्हणाली आधी जेवून घ्या आणि तुम्ही ताट ढकललंत ते भिंतीवर. आई काही बोलली नाही, पिठाच्या डब्यातनं पैसे काढून तुमच्यासमोर ठेवले आणि भांडी घासायला बसली. पहाटे मला जाग आली तर तुम्ही ओल्या फडक्याने ती भिंत पुसत होतात, आणि हळदीचा डाग जाण्याऐवजी पसरतच चाललेला. दिवाळीला चुना मारेपर्यंत तो होता, मी त्याच्याखाली बसून पाढे पाठ केलेत.

आणि कथेत मी काय लिहिलेलं, तर कंडक्टर रोज रात्री हसत घरी येतो आणि पोरीला लिमलेटच्या गोळ्या देतो. गोळ्या खऱ्या आहेत हो, पण त्या पगाराच्या दिवशी.

मला वाटायचं टीका म्हणजे भाषा, व्याकरण, शेवट नीट नाही असलं काहीतरी. हा माणूस सरळ म्हणत होता की बाई तू खोटं लिहितेयस, आणि न बघता बरोबर म्हणत होता. सगळं नाही ऐकलं हं मी त्यांचं. बायकोच्या तोंडची बोली थोडी सोपी करा म्हणाले, ते नाही केलं, आई 'का गं बया' न म्हणता रागावली तर ती आईच नाही. पण भिंत घातली. ताट घातलं. पहाटेचं फडकंपण घातलं, आणि बाबा खरं सांगू, ते लिहिताना तुम्ही मला आधीपेक्षा जास्त आवडलात.

नवी कथा मोठ्या टायपात प्रिंट काढून सोबत पाठवतेय. आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तू डोळे ताणू नकोस, बाबा वाचून दाखवतील. आणि बाबा, सातव्या पानावर आलात की गाळून पुढे जाऊ नका, वेबिल सोडून दुसरं काही वाचलंच नाही कधी असं म्हणून सुटूही नका. हे छापू नये असं वाटलं तर सरळ सांगा, नाही पाठवणार, संपादकांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. ३१ जुलैच्या आत कळवा पण. चुका दिसल्या तर पेन्सिलने खुणा करा, पेनने नको.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, त्या रात्री आमटी कसली होती गं? मी तुरीची लिहिलीय.