इंजिन चालते म्हणून बॅटरी भरतेच असे नाही

महोदय,

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर (नौकेचे ठिकाण कळवणारे यंत्र) बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून छोट्या फायबर होड्यांवर जीपीएस, फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारे यंत्र), व्हीएचएफ (बोलण्याचा बिनतारी संच), एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर आलेले आहेत. हे सगळे ओढते एक बारा व्होल्टची बॅटरी, आणि ती भरायचे काम मागचे आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन) आपोआप करते असा सर्रास समज आहे. सकाळी बॅटरी उतरलेली सापडली की शिव्या बॅटरीला. खरा घोटाळा बहुतेक वेळा हिशेबात नाहीतर वायरिंगमध्ये असतो.

आधी हिशेब. जाळे टाकून रात्रभर थांबणाऱ्या होडीवर दिवे साधारण १ अँपिअर, जीपीएस-फिशफाइंडर १ अँपिअर आणि नुसता ऐकत ठेवलेला व्हीएचएफ अर्ध्याच्या आत. आठ तासांत सुमारे २० अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास) गेले, मोबाइल वेगळे. (व्हीएचएफवर पूर्ण ताकदीने बोलताना ५ ते ६ अँपिअर जातात, पण ते मिनिटांचे काम.) आता जमा बाजू. दोरी ओढून सुरू होणाऱ्या ८ ते १५ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर ८० वॉटची लायटिंग कॉइल (इंजिनातली वीज तयार करणारी तारेची गुंडाळी) असेल, तर पुस्तकातले ६ अँपिअर पूर्ण वेगालाच मिळतात. जाळ्याभोवती हळू फिरताना एक-दोन अँपिअर मिळाले तरी पुष्कळ. जायला तास आणि यायला तास, सरासरी ४ अँपिअरने धरला, तर ८ अँपिअर-तास आत जातात आणि त्यातलेही पंधरा-वीस टक्के भरण्यातच वाया जातात. म्हणजे रोज १३-१४ अँपिअर-तासांचा खड्डा. गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी लावली असेल तर ती रोज निम्म्याखाली जाते, प्लेटांवर सल्फेट धरतो आणि एका हंगामात तिचे बारा वाजतात. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला असते, रात्रभर दिवा जाळायला नाही. इथे ट्युब्युलर बॅटरी हवी, म्हणजे हळूहळू खोलवर उतरणे सोसणारी.

आता कॉइलकडे. लायटिंग कॉइलमधून येतो तो एसी करंट. त्या दोन वायरी थेट बॅटरीला जोडल्या तर बॅटरी भरत नाहीच, कॉइल मात्र जळू शकते. नुसता रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) लावला की डीसी मिळतो, पण त्याला लगाम नसतो. बॅटरी भरलेली आणि लांबचा पल्ला पूर्ण वेगाने, की व्होल्टेज १५ च्या वर चढते, पाणी उकळून प्लेटा उघड्या पडतात आणि एखाद्या दिवशी जीपीएसही जातो. म्हणून रेग्युलेटर असलेलाच रेक्टिफायर हवा, व्होल्टेज साडेचौदाच्या आत थांबवणारा. स्वस्त म्हणून जुन्या दुचाकीचा रेग्युलेटर बसवण्याची टूम आहे. त्यात बहुधा कॉइलचे एक टोक अर्थला धरलेले असते. होडीच्या कॉइलची दोन्ही टोके मोकळी असतात. तो बसवला तर धड चार्जिंग होत नाही. तो पैसा पाण्यात गेला समजा.

वायरीत तर सर्वांत जास्त कंजुषी होते. इंजिनापासून पुढच्या खणातल्या बॅटरीपर्यंत ५ मीटर अंतर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर वायर. घरातली दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली तर ५ अँपिअरला सहा दशांश व्होल्ट वायरीतच मरतात. रेग्युलेटर १४.२ देतो, बॅटरीला १३.६ पोचतात आणि ती भरणे मंदावते. चार चौरस मिलिमीटरची घातली की तूट पाव व्होल्टच्या आत येते. तांबे कथिलाचा मुलामा दिलेले घ्यावे. साधे तांबे खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून हिरवे-काळे पडत जाते आणि वरून काही दिसत नाही. जोड पिळून टेप गुंडाळण्यापेक्षा थिंबल (वायरीच्या टोकाचे धातूचे टोपण) दाबून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावावी. प्लसच्या वायरीला बॅटरीपासून वीतभराच्या आत २० अँपिअरचा फ्यूज हवाच.

तपासणीला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर न वापरलेली बॅटरी १२.७ दाखवते तेव्हा भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन अर्ध्या वेगाला ठेवून बॅटरीच्याच टर्मिनलवर १३.८ ते १४.४ यायला हवेत. फार उतरलेली बॅटरी काही वेळ १३ च्या आसपास रेंगाळते, त्याने घाबरू नये. आकडा जागचा हललाच नाही तर आधी फ्यूज, मग जोड, मग रेग्युलेटर आणि शेवटी कॉइल बघावी. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर गेला. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही सोडू नये. व्होल्टेज उसळते आणि रेक्टिफायरमधले डायोड जागच्या जागी उडतात. प्लस-मायनस उलटे लागले तरी तेच.

हल्ली लिथियम बॅटरीचे वेड आले आहे. ती लहान आउटबोर्डला थेट जोडू नये. ती कॉइलकडून मिळेल तेवढे सगळे ओढते, आणि तिच्या आतल्या सर्किटने भर वेगात चार्जिंग तोडले तर बॅटरीची वायर सोडल्यासारखेच होते.

वरचा खड्डा बराचसा भरायला ५० वॉटचे सोलर पॅनेल आणि छोटा कंट्रोलर हा सरळ उपाय. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवसाला १२ अँपिअर-तासांच्या आसपास मिळतात. होडी किनाऱ्यावर उभी असतानाही भर चालूच. जून-जुलैच्या बंदीत बॅटरी घरी आणून पूर्ण भरावी, महिन्यातून एकदा पुन्हा भरावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, तेही चार्जिंगनंतर.

आमची मागणी एवढीच, की इंजिनाला अनुदान देताना मत्स्यव्यवसाय खात्याने रेग्युलेटर, फ्यूज, योग्य जाडीची वायर आणि हे पॅनेलही यादीत धरावे, आणि हंगामाआधीच्या तपासणीत कागदांबरोबर इंजिन चालू ठेवून बॅटरीचे व्होल्टेजही मोजावे.

– आउटबोर्ड दुरुस्त करणारे काही मिस्त्री, मालवण