जॅक काढण्याआधी हौद्याला टेकू हवा

मा. संपादक,

उन्हाळ्यात शेणखत आणि मुरमाची वाहतूक वाढली की डंपिंग ट्रॉलीचे, तेलाच्या दाबावर हौदा उचलणारे जॅक गळू लागतात आणि गॅरेजसमोर हौदे वर करून उभ्या केलेल्या ट्रॉल्या दिसतात. खाली वाकून काम करणाऱ्या मेकॅनिकच्या डोक्यावरचे ते वजन पुष्कळदा एखाद्या लाकडी वाशावर, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याच गळक्या जॅकवर तोललेले असते.

जॅक हौदा उचलण्यासाठी असतो, माणसाच्या डोक्यावर धरून ठेवण्यासाठी नव्हे. पाइप फुटला, सील गेले किंवा ट्रॅक्टरवर चढलेल्या कुणाचा हात लिव्हरला लागला, तर तेलाचा दाब क्षणात उतरतो, आणि रिकामा असला तरी पोलादी हौदा खालच्या माणसाला निसटण्याइतका वेळ देत नाही. जॅक बदलताना तर त्याची पिन निघाली की सगळा भार टेकूवरच येतो. म्हणूनच चासीच्या दोन्ही बाजूंना, बिजागरीपासून शक्य तितके लांब, वर आणि खाली खोबणीत अडकणारे, तेवढे वजन पेलणारे पोलादी टेकू लावले पाहिजेत. शिवाय मजबूत चौकटीला टांगलेल्या चेनपुलीने हौदा वरून बांधून घेता आला तर फारच उत्तम.

टेकू लावण्यापूर्वी ट्रॉली पूर्ण रिकामी करून कठीण, सपाट जागी ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. टेकूही हौद्याखाली न शिरता बाहेरूनच बसवावेत. त्यानंतर लिव्हरने हौदा हळूहळू टेकूंवर टेकवावा, इंजिन बंद करून किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी, आणि पाइपातला उरलेला दाब सोडल्यावरच जोड सैल करावा, कारण दाबाखालच्या तेलाची बारीक धार कातडीतून आत शिरू शकते.

एवढी काळजी दोन-तीन माणसांच्या गॅरेजने स्वतःहून घ्यावी असे म्हणणे सोपे आहे. पण कामगारसंख्या कमी असल्याने अशी गॅरेजे सहसा कारखाना तपासणीच्या कक्षेतच येत नाहीत. त्यामुळे ट्रॉली बनवणाऱ्यांनीच प्रत्येक डंपिंग ट्रॉलीच्या चासीला घडीचा पोलादी टेकू कायमचा जोडून द्यावा आणि परिवहन विभागाने नोंदणीच्या वेळी तो आहे की नाही हे पाहावे, अशी माझी विनंती आहे. तोवर निदान ट्रॉलीमालकांनी संध्याकाळपर्यंत गाडी परत हवी म्हणून मेकॅनिकच्या मागे घाई लावू नये.

– एक ट्रॅक्टर मेकॅनिक, बारामती