फेअरबँक्सहून, बाबांच्या प्रश्नाबद्दल

फेअरबँक्स, अलास्का
16 नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "हे नाचाचं वाजवणं आणखी किती दिवस?" मी "बघू" म्हटलं आणि आईने लगेच विषय चकल्यांवर नेला. फोनवर मला अशा प्रश्नांची धड उत्तरं सुचत नाहीत, म्हणून लिहायला बसले. (चकल्या पोचल्या. निम्म्यांचा भुगा झाला होता, तोही संपला.)

आधी सरळ सांगून टाकते. प्रयोगशाळेत परत जाणार नाही. गोठलेल्या मातीचे नमुने तपासायचं काम वाईट नव्हतं, पगार तर चांगलाच होता. पण ते काम करणारी माणसं इथे पुष्कळ आहेत. फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, घेऊन आठवडाभर एखाद्या गावात जाऊन राहणारी फारशी नाहीत.

पैशांचं म्हणाल तर शहरात शिकवण्या आहेत, हिवाळ्यात गावातल्या शाळा आहेत, मधूनमधून लग्नं आणि नाच. चांगल्या महिन्यात घरभाडं आणि घर गरम ठेवायचं तेल दोन्ही सुटतं, वाईट महिन्यात साठवलेल्यातून काढते. इथलं राज्य तेलाच्या उत्पन्नातून प्रत्येक रहिवाशाला, अगदी तान्ह्या बाळालासुद्धा, वर्षातून एकदा लाभांश देतं. 2022 मध्ये 3,284 डॉलर मिळाले होते, 2024 मध्ये 1,702. दर वर्षी आकडा वेगळा, त्यामुळे तो मी हिशेबात धरत नाही. बँकेतल्या माणसाच्या मुलीला एवढं कळतं, बाबा.

आता "नाचाचं" या शब्दाबद्दल थोडं भांडते. तुम्ही सांगलीत नाट्यसंगीताला आणि कीर्तनाला साथ केलीत, तेव्हा व्हायोलिन आपलंच असल्यासारखं वाटायचं. पण ते आपल्याकडे आलं साहेबाबरोबर, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितारांनी ते उचललं आणि पुढे ते आपल्या मांडीवर येऊन बसलं. इथे ते हडसन्स बे कंपनीबरोबर आलं. 1847 मध्ये अलेक्झांडर हंटर मरे नावाच्या तिच्या माणसाने युकॉन नदीकाठी फोर्ट युकॉन हे ठाणं वसवलं. केसाळ कातड्यांचा व्यापार. कंपनीच्या नोकरीत स्कॉट होते, ऑर्कनी बेटांवरचे होते, फ्रेंच कॅनडातले होते, आणि लांब रात्री घालवायला त्यांच्याकडे फिडल होतं. तिथल्या मूळच्या ग्विचिन लोकांनी त्यांचे नाच पाहिले, चाली कानाने उचलल्या. 1867 मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतलं. दोन वर्षांनी एक अमेरिकी कप्तान आला, त्याने ठाण्याची जागा मोजून पाहिली आणि कंपनीला सांगितलं की ही आमची हद्द, आता निघा. कंपनी गेली. चाली राहिल्या.

घराणी इथेही आहेत. नदीच्या वरच्या अंगाची गावं, म्हणजे ग्विचिनांची, त्या जुन्या चाली वाजवतात: जिग, रील, हातरुमाल घेऊन करायचा नाच. खालच्या अंगाच्या कोयुकॉन गावांनी फिडल उचललं ते सोन्याच्या मागे आलेल्या खाणवाल्यांकडून, म्हणून त्यांच्याकडे वॉल्ट्झ आणि टू-स्टेप जास्त, पुढे गिटारही आली. नोव्हेंबरात फेअरबँक्सला अथाबास्कन (ग्विचिन, कोयुकॉन वगैरे मूळच्या लोकांचं एकत्र नाव) फिडलचा उत्सव भरतो, 1983 पासून. वादक आणि नाचणारे छोट्या विमानांनी येतात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी जमिनीवर पाय वाजत असतात. आईसाठी मुद्दाम लिहिते: तिथे दारूला पूर्ण बंदी असते.

बाबा, तुम्हाला ऐकवायच्या त्या ग्विचिनांच्या जुन्या चाली. त्यातल्या कितीतरी वाकड्या असतात. वाकड्या म्हणजे एखाद्या ओळीत एक मात्रा जास्त, पुढच्या फेरीत तिथेच एक कमी. तुम्ही हातावर ताल धरून बसलात तर तिसऱ्या आवर्तनाला समेवर चुकामूक होणार, पैज लावते. पण वादक खुर्चीत बसून दोन्ही पायांनी ठेका धरतो, नाचणारे त्याच्या पायांकडे कान ठेवतात आणि सगळे बरोबर एकत्र येतात. कागदावर ही चाल लिहिली की लिहिणारा ती मात्रा नकळत सरळ करतो, आणि मग ती चाल कुणाचीच राहत नाही. म्हणून जुन्या माणसासमोर बसायचं. तो चुकलं असं म्हणत नाही, समजावतही नाही. पुन्हा वाजवतो. आपल्याला येईपर्यंत वाजवतो. मला हे शिकायला जड गेलं नाही, कारण मला शिकवताना तुम्ही दुसरं काही केलंतच नव्हतं.

शाळेतला आठवडा मात्र निराळा. सोमवारी फिडलच्या पेट्या उघडतात, शुक्रवारी रात्री गावासमोर नाच. मधे तीन दिवस. आम्ही बोटांच्या जागी रंगीत ठिपके चिकटवतो. तुमचा चेहरा दिसतोय मला. "कान कशाला दिलेत?" पण पाच दिवसांत सहा वर्षांच्या पोराला आजीसमोर एक चाल वाजवता आली पाहिजे, आणि आजी नाचली पाहिजे, ठिपके नंतर निघतात. काही शाळांत सगळी मिळून पंधरा-वीस मुलं. पट दहाच्या खाली गेला की सरकारी पैसा आटतो आणि शाळा बंद व्हायची वेळ येते, त्यामुळे एखादं कुटुंब शहरात हललं तरी सगळं गाव बोटं मोजायला लागतं.

एक गोष्ट तुम्हाला फोनवर कधी सांगितली नाही. या गावांतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर फार लवकर गेलेल्या तरुण मुलांचे फोटो आहेत. अपघाताने गेलेली काही, स्वतःहून गेलेली काही. कुणी गेलं की गाव जमतं, जेवण होतं आणि नंतर फिडल वाजतं, नाच होतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला समजेना की कुठे बघावं. आता मी पण वाजवते. बाबा, त्या रात्री तरी "नाचाचं वाजवणं" हे तुम्ही म्हणता त्या सुरात मला म्हणता येत नाही.

आईचे प्रश्न राहिले. गावात जाताना विमान लहान असतं, बसण्याआधी सामानासकट माणसालाही वजनकाट्यावर उभं करतात, सगळ्यांसमोर. झोपते शाळेच्या वाचनालयात, जमिनीवर. मेतकूट, तुरीची डाळ आणि तांदूळ बरोबर असतात, कारण गावातल्या दुकानातल्या किमती विमानभाड्यासकट असतात. कुणी घरी जेवायला बोलावलं की समोर येईल ते खाते. काय ते बाबांना सांगू नकोस.

व्हायोलिनची काळजी बाबा करतात तेवढीच मीही करते. सांगलीत पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकायच्या, इथे उलटं. बाहेर उणे 25, आत हीटर, हवा इतकी कोरडी की लाकूड आकसतं, जोड उकलतात, खुंट्या सटकतात. पेटीत ओलावा देणारी नळी ठेवते, बो वाजवून झाला की लगेच सैल करते, आणि बाहेरून आत आल्यावर तास-दोन तास पेटी उघडतच नाही. मुलं तोवर कावतात. तुमचं जुनं व्हायोलिन मी या हवेत आणलं नाही ते याचसाठी. गावात घेऊन फिरते ते दुसरं आहे, पडलं-झडलं तरी चालेल असं.

म्हणून तुम्ही डिसेंबरात येऊ नका. तेव्हा इथे दिवस पावणेचार तासांवर येतो आणि आई दोन दिवसांत परतीचं तिकीट मागेल. जूनमध्ये या. फोर्ट युकॉनला तेव्हा सूर्य मावळत नाही. 1915 च्या जूनमध्ये तिथे पारा 38 अंशांवर गेला होता, म्हणजे सांगलीकरांना अगदीच परकं वाटू नये. डास मात्र आपल्या कृष्णाकाठच्या डासांना लाजवतील असे.

आणि बाबा, तुमचं व्हायोलिन आणा. सामानात टाकू नका, हातात घेऊन विमानात चढा. फ्रेंच कॅनडातले जुने वादक काही चालींसाठी खालच्या दोन तारा एकेक सूर चढवतात, तर चार तारा होतात सा-प-सा-प. तुम्हाला काही पिळावं लागणार नाही. मी ज्यांच्याकडे शिकते त्या आजोबांना सांगितलंय की माझे वडील जमिनीवर बसून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवतात. ते खूप वेळ हसले आणि म्हणाले, मग पायाने ठेका कसा धरतात? याचं उत्तर तुम्हीच येऊन द्या.

पासपोर्टची मुदत आजच बघा, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळत नाही. आईच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घ्या आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून आणा. लोकरीचं मी इथे देईन, विकत काही घेऊ नका.

तुमची,
मीनू

ता. क. आई, पुढच्या वेळी चकल्यांऐवजी शंकरपाळे पाठव, ते तुटत नाहीत.